घरपट्टीची सवलत नेमकी कुणाला? आणि गावातल्या शाळेचा खर्च कुणाच्या माथी?

बालाघाटातून

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीतही आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घरपट्टीचा विषय घ्यायचा आहे. त्याआधी इथल्या जाणत्या मंडळींशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. घरपट्टीत सवलत द्यायलाच हवी, पण सरसकट नको. ज्या घराला खरंच झेपत नाही त्याला मिळावी. आणि त्या सवलतीने ग्रामपंचायतीच्या तिजोरीत जो खड्डा पडेल तो शाळेच्या वाट्यातून भरू नये.

आज सवलती कशा मिळतात ते बघा. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, सोळा लाखांहून अधिक घरांना. चाळीतल्या कुटुंबाला ती माफी मिळाली याचा मला आनंद आहे. पण दक्षिण मुंबईत त्याच मापाचं घर कोटींत विकलं जातं, त्यालाही तीच माफी. पुण्यात घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्क्यांची सवलत १९७० पासून होती. मध्ये ती काढली, ओरड झाली आणि २०२३ मध्ये परत दिली. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना राज्यभर घरपट्टी माफ आहे, ते योग्यच. म्हणजे मनावर घेतलं तर ठरावीक घरांना सूट देता येते. मग पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणारं ऊसतोड कुटुंब कुठल्याच यादीत का नाही?

आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गल्लीच्या गल्ली कुलूपबंद होते. माणसं मुकादमाची उचल घेऊन कारखान्याला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. मधल्या काळात घरात नळ नाही, दिवा नाही. पाणीपट्टी मात्र बारा महिन्यांची. ३० सप्टेंबरच्या आत कर भरला तर पाच टक्के सूट, ३१ मार्च उलटला की पाच टक्के दंड. सोयाबीनचा पैसा हातात येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि मार्चअखेरीला ऊसतोडवाला उसाच्या फडावर असतो. सूट पगारदाराच्या पदरात पडते आणि दंड मजुराच्या.

दुसरी गोष्ट सरकारी घरकुलाची. २०१५ च्या डिसेंबरात नियम बदलले तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जागेचा रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा प्रकार, घसारा, वापर हे सगळं धरून घराची किंमत काढायची आणि तिच्यावर हजारी काही पैसे दर लावायचा. मोठ्या घराला मोठा कर, हे तत्त्व मला मान्य आहे. पण घरकुल मिळालं की माणूस मातीच्या घरातून पंचवीस चौरस मीटरच्या पक्क्या घरात येतो, नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, बांधकामाचा प्रकार बदलतो आणि घर वरच्या दरात जातं. कमाई काल होती तेवढीच. सरकारी अनुदानात घर पुरं होत नाही म्हणून काढलेलं कर्ज वर.

तिसरी गोष्ट दुष्काळाची. दुष्काळ जाहीर झाला की शासन ठरलेल्या सवलती लावतं: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफ, टँकर, रोजगार हमीचे निकष शिथिल, पंपाची वीज न तोडणं. या यादीत घरपट्टी नाही. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला महसुलात सूट, ज्याच्याकडे नुसतं घर आहे त्याला काहीच नाही. भूमिहीनाला दुष्काळ लागत नाही का?

अलीकडे समृद्ध पंचायतराज अभियानात जुन्या थकबाकीवर ५० टक्के सवलत आली. वसुली झाली, नाही कशी. पण ज्या म्हातारीने दरवर्षी शेळी विकून का होईना घरपट्टी भरली तिला काय मिळालं? तिने मला ओट्यावर उभं राहून विचारलं आणि मला तिला उत्तर देता आलं नाही.

आता शाळा. लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही वर्गात आहे, प्लास्टिकच्या कव्हरात. मीटर थकबाकीपायी काढून नेलं. भिंतीवर लाकडी फळी आणि काळ्या टेपने गुंडाळलेली वायरीची टोकं शिल्लक आहेत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते हवेतच. शाळेसाठी मात्र असं कुठलंही बंधन नाही. अधिनियमाच्या ग्रामसूचीत शिक्षण हा विषय आहे, पण आधी दिवाबत्ती, मग पाणीपुरवठ्याचं बिल, मग शिपायाचा पगार आणि उरलं तर शाळा. कधी उरत नाही.

आणि गाव त्याच शाळेसाठी घरटी वर्गणी देतं. म्हणजे गरीब गाव दोनदा भरतं.

तुमच्याकडे काय चाललंय ते सांगा. आणि सवलत कुणाला द्यायची ते कसं ठरवावं, हेही.

कोरडवाहू

ताई, दुष्काळाच्या यादीचं बोललात ते लाख मोलाचं. आमच्याकडं २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस असा झाला की उभं सोयाबीन कुजलं, नदीकाठच्या रानातली माती खरवडून गेली. पंचनामे झाले, मदत आली, कुणाला कमी कुणाला जास्त. घरपट्टीचं बिल मात्र तसंच आलं. माझ्या भावकीतल्या एकाच्या घराची मागची भिंत बसली, तरी नमुना ८ वर घर पूर्ण. पडलेल्या खोलीची घरपट्टी तो अजून भरतो. पंचनाम्यात घर पडलं असं लिहिणारा आणि कर आकारणारा, दोघं एकाच गावात काम करतात. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर एवढं जायला काय अडचण आहे?

सवलत द्यायची तर पंचनाम्यावरून द्या. वेगळा अर्ज, वेगळा दाखला, वेगळा हेलपाटा नको.

परभणीचे गुरुजी

बालाघाटातून ताईंनी शाळेबद्दल लिहिलं त्यात शाळेच्या आतल्या बाजूने थोडी भर घालतो. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकाचा पदभार सांभाळतो.

आमचे पगार राज्याकडून होतात. गणवेश, पुस्तकं, पोषण आहार यांच्या योजना वेगळ्या. शाळा चालवायला हातात येतं ते समग्र शिक्षातलं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. तीस पटापर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. बरेचदा हे पैसे वर्ष सरत आल्यावर मिळतात.

तीस पटाच्या शाळेचा हिशेब करा. महिन्याला ८३३ रुपये. त्यात वीजबिल, खडू, हजेरीपट, फिनाईल, नळाची तोटी, कुलूप, छपाई, नेटचा रिचार्ज. शाळेत शिपाई नाही. झाडायचं कुणी? लेकरंच झाडतात. आता पट एकतीस झाला की रक्कम एकदम अडीचपट. पण एकतीसाव्या लेकराने छप्पर मोठं होत नाही आणि तिसावं लेकरू गेल्याने ते लहान होत नाही. पत्रे तेवढेच, खोल्या तेवढ्याच.

बीड, परभणी, हिंगोलीच्या ज्या गावांतून लोक ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात तिथे हा नियम जास्त बोचतो. आईबाप लेकरांना सोबत घेऊन गेले की पट घसरतो. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर लेकरं गावात राहतात, उशीर झाला की गेलीच. मग आधारशी जुळलेला पट कमी दिसतो, संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवताना, शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला म्हणून उरलेले पालक तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी बघतात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजून त्या एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव निघाला होता. त्या यादीत आपल्याकडच्या वाड्या-तांडे किती होते ते ज्याने बघितलं त्याला झोप लागली नसेल.

डोंगरातल्या शाळेला डोक्यामागे जास्त खर्च येणारच. ज्या लेकराची घरची परिस्थिती जास्त अवघड त्याच्या शाळेला जास्त पैसा मिळायला हवा. आज उलट आहे. जी शाळा आधीच नटलेली तिला स्पर्धेत बक्षीस मिळतं आणि ती आणखी नटते. त्या शाळांतल्या शिक्षकांचे कष्ट खरे आहेत, त्यांचा मान राखूनच म्हणतोय.

लातूरहून

मी शहरात लेखापालाचं काम करतो, लोकांची मालमत्ता कराची बिलं रोज बघतो. दोन मुद्दे.

शहरातल्या बिलात सर्वसाधारण कर, पाणी, स्वच्छता, वृक्ष कर यांच्याखाली ‘शिक्षण उपकर’ अशी ओळ असते. बहुतेकांना वाटतं हा पैसा गावातल्या शाळेला जातो. तसं नाही. तो १९६२ च्या राज्याच्या कायद्याने लागतो, महापालिका किंवा नगरपालिका फक्त गोळा करून राज्याकडे भरते. व्यापारी मालमत्तेवर त्याच कायद्याने रोजगार हमी उपकरही लागतो. लातूर, जालना, परभणी, नांदेड, संभाजीनगर, सगळीकडून हा पैसा दरवर्षी मुंबईला जातो. त्यातला किती आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या खोल्यांवर परत येतो, हे बिलावर एका ओळीत छापलं पाहिजे. कर देणाऱ्याला एवढं कळण्याचा हक्क आहे.

दुसरा मुद्दा शास्तीचा. नगरपालिकांत कर थकला की महिन्याला दोन टक्के. वर्षाला चोवीस. पाच हजार थकले तर वर्षाला बाराशे नुसती शास्ती. घर बांधायचं कर्ज बँक याच्या निम्म्याहून कमी दराने देते. मग मूळ करापेक्षा शास्ती मोठी होते, माणूस भरायचंच सोडून देतो आणि दोन-चार वर्षांनी शास्तीत सूट देणारी अभय योजना येते. गरिबाला सवलत द्यायची सुरुवात शास्तीपासून करा. मूळ करात सूट देण्याआधी ठरावीक घरांची शास्ती साध्या व्याजावर आणा. तिजोरीतून फार काही जाणार नाही, कारण ती शास्ती वसूल होतच नाही.

एका बाबतीत मात्र ताईंशी मतभेद. सवलतींची यादी वाढली की स्वतःचं उत्पन्न घटतं आणि पुढचं अनुदान अडतं. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना अटच घातली होती की मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढवा. सूट देताना हे विसरून चालणार नाही.

बालाघाटातून

लातूरहून दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच मी सरसकट सूट नको म्हणते. सगळ्यांना सूट दिली की तिजोरी रिकामी होते आणि पैसा बहुतेक वेळा ज्याला गरज नाही त्याच्याकडेच राहतो. शंभर घरांच्या गावात अगदी अडलेली पंधरा-वीस घरं निवडली तर रक्कम हाताबाहेर जात नाही. शिवाय ती राज्याने भरून द्यावी. सवलतीचं धोरण राज्याचं आणि खड्डा ग्रामपंचायतीचा, असं होऊ नये.

शास्तीचा मुद्दा गावांना तसा लागू नाही, आमच्याकडे पाच टक्केच. पण दंडाची तारीख तरी बदलावी. मार्चऐवजी मेअखेर केली तर फडावरचा माणूस गावात असतो आणि हिशेब होऊन त्याच्या हातात चार पैसे असतात.

गुरुजी, ८३३ चा हिशेब मी ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे.

जालना ते मिशिगन

मी मूळचा जालन्याचा, सध्या अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो.

इथे शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालत आला आहे. त्याचं वाईट रूप मी जवळून बघतो. ज्या वस्तीत घरं महाग तिथे थोड्या दरातही भरपूर कर जमतो आणि शाळा उत्तम. ज्या वस्तीत घरं स्वस्त तिथे लोक जास्त दराने कर भरतात, तरी शाळा उघडीबोडकी. यावर टेक्सासमधल्या पालकांनी खटला लढवला. १९७३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांच्या विरोधात निकाली काढला. नंतर अनेक राज्यांना आपापल्या पातळीवर सूत्रं बदलावी लागली. मिशिगनने १९९४ मध्ये शाळांचा बराच भार घरांवरून काढून राज्याच्या विक्रीकरावर टाकला, विक्रीकर ४ वरून ६ टक्के केला. त्याने तळातल्या शाळा वर आल्या. अंतर मिटलं मात्र नाही, कारण इमारती बांधण्याचा पैसा अजून स्थानिक करावरच अवलंबून आहे.

सवलतीबाबत इथली एक पद्धत तुमच्या कामाची वाटते. विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये ती सुरू केली. घराचा कर कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे गेला की वरची रक्कम राज्य परत करतं. घर केवढं हे त्यात मुख्य नाही. कुटुंबाची कमाई किती आणि त्यातला किती भाग करात जातो, ते बघतात. विजेचा भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावरून तिला ‘सर्किट ब्रेकर’ म्हणतात. भरपाई राज्य करत असल्याने गावाच्या शाळेचा पैसा कमी होत नाही. ताई जे म्हणतात तेच.

एवढं मात्र नक्की सांगतो, शाळा गावच्या घरपट्टीवर टाकायचा विचार कुणी मांडला तर विरोध करा. वाळूज पट्ट्यातली कारखान्यांशेजारची ग्रामपंचायत आणि बालाघाटातली ग्रामपंचायत यांना एकाच मापात तोलता येणार नाही.

कोरडवाहू

मिशिगनवाले भाऊ, पद्धत चांगली आहे. पण आमच्याकडं कमाई मोजायची कशी? तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढायचा तर सेतूवर रांग, आणि त्यातला आकडा सगळ्यांचा सारखाच असतो. रेशनकार्डाचा रंग धरावा तर ज्याचं पिवळं कार्ड हुकलं ते हुकलंच. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत नाव नाही म्हणून घरकुल न मिळालेली माणसं आमच्या गावात आहेत.

एकल सखी

मी धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतल्या एकल महिलांसोबत काम करते. कोरडवाहू दादांचा प्रश्न योग्य आहे, पण त्याच्याही आधीचा एक अडथळा आहे. घर कुणाच्या नावावर?

नवरा गेला, आत्महत्या असो की आजार, नमुना ८ वर नाव सासऱ्याचं किंवा दिराचं राहतं. राहते ती, कर भरते ती, नळाला नंबर लावते ती. पण माफीची कुठलीही योजना आली की अर्जदार ‘मालमत्ताधारक’ हवा. ती मालमत्ताधारक नाही. वारस नोंद करायला गेलं की सगळ्या वारसांच्या सह्या लागतात आणि तिथे नात्यातली भांडणं सुरू होतात. थकबाकी असेल तर नोंदीचं काम पुढे सरकत नाही. अशी बाई मला भेटली, जिच्या हातात पतीच्या नावाच्या जुन्या पावत्या कॅरीबॅगमध्ये नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या. एकही वर्ष चुकवलेलं नव्हतं आणि उताऱ्यावर तिचं नाव नव्हतं.

म्हणून ठरावात ‘मालक’ ऐवजी ‘प्रत्यक्ष राहणारं कुटुंब’ असं लिहा. नमुना ८ ला मालकाच्या शेजारी भोगवटादाराचा रकाना आहेच. तो भरत चला.

निवड कशी करायची यावर: शंभर-दोनशे घरांच्या गावात कोण अडलंय हे सगळ्यांना माहीत असतं. महिला ग्रामसभेत नावं वाचा, हरकत असेल तर तिथेच बोला. दाखल्यापेक्षा ते खरं निघतं.

भूकंपानंतरचं गाव

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावांपैकी एका गावात राहतो. चौरस फुटांवर सवलत द्यावी का, या प्रश्नावर आमच्या गावाचा अनुभव सांगतो.

बावन्न गावं नव्या जागी वसवली तेव्हा घरं जमिनीवरून दिली गेली. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरच्या वरच्यांना ७५०. म्हणजे घराचं माप बघून माणसाची ऐपत सांगता यावी असं देशात एखादंच ठिकाण असेल, तर ते आमचं. त्या दिवशी क्षेत्रफळावर सूट दिली असती तर अगदी योग्य माणसाला गेली असती.

आज बघा. अडीचशे फुटांच्या घरात तीन भाऊ झाले. त्यांनी मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या खोल्या काढल्या, आकारणीत क्षेत्रफळ वाढलं. साडेसातशेच्या घरात एकटी म्हातारी राहते, पोरं पुण्याला, जमीन वाटणीत आणि विक्रीत गेली. माफी क्षेत्रफळावर दिली तर भावांना नाही आणि म्हातारीलाही नाही. दुसऱ्या एका घरात मालक संभाजीनगरला नोकरीला, गावातलं अडीचशेचं घर कुलूपबंद. माफी त्याला.

इथेच हा निकष टिकत नाही, तर मुंबईत काय टिकणार.

निवृत्त ग्रामसेवक, नांदेड

आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. मी जुन्या नावाने निवृत्त झालो. ग्रामसभेच्या ठरावात काय बसतं आणि काय नाही एवढंच सांगतो, नाहीतर ठराव होतो आणि पंचायत समितीत पडून राहतो.

पूर्ण माफी देणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही. माजी सैनिकांची माफी शासनाने दिली म्हणून झाली. पण करनियमांत बांधकामाच्या प्रत्येक प्रकाराला किमान आणि कमाल दर आहे आणि त्यामधला दर ग्रामपंचायत ठरवते. बऱ्याच गावांत पूर्वी कुणीतरी जो आकडा लिहिला तोच चालू आहे. माती, पत्रा आणि लहान पक्कं घर यांना किमान दर लावा, आजच लावता येतो. चार वर्षांनी फेरआकारणी असते, तिच्या आधी ठराव घ्या.

तूट भरायची तर गावातल्या ज्या मालमत्ता आकारणीत नीट आलेल्याच नाहीत त्या आणा. मोबाईल टॉवर, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, हायवेवरचा ढाबा, खासगी गोदाम. माझ्या नोकरीत मी बघितलं की झोपडीचं माप इंचात घेतलं जायचं आणि मंगल कार्यालयाची नोंद ‘शेतघर’ म्हणून असायची. ज्याचा दबाव त्याचं माप कमी. तिथे निवासीऐवजी वाणिज्य वापर लावला तर पंधरा-वीस गरीब घरांची सूट त्यातूनच निघते आणि वर काही उरतं.

एक आग्रह. कुणाचीही घरपट्टी शून्य करू नका. वर्षाला पन्नास का होईना, पण नमुना १० ची पावती त्याच्या हातात पडू द्या. पावतीवर त्याचं घर शाबित राहतं, दाखल्याला अडवणूक होत नाही आणि सभेत उठून ‘माझा पैसा कुठे गेला’ असं विचारायची हिंमत येते. मला ग्रामसभेत सर्वात अवघड प्रश्न विचारले ते पन्नास रुपये भरणाऱ्यांनी.

प्रशालेचा माजी विद्यार्थी

तालुक्याच्या गावांचा प्रश्न राहून गेला. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या, म्हणून आपल्याकडे शहराच्या मध्यभागीसुद्धा जिल्हा परिषद प्रशाला उभी असते. दगडी इमारत, उंच छत, मोठं मैदान. एका काळी तालुक्याची सगळी हुशार पोरं तिथेच होती.

ही इमारत नगरपालिकेच्या हद्दीत. आजूबाजूची घरं-दुकानं कर नगरपालिकेला देतात. नगरपालिका म्हणते शाळा आमची नाही. जिल्हा परिषद म्हणते आमचा सेस, म्हणजे स्वतःचा निधी, तोकडा, आधी खेड्यातल्या गळक्या खोल्या. दोघंही नियमाने बरोबर आणि छत गळतं ते गळतंच. आज तिथे शहरातल्या हमालांची, भाजीवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं शिकतात. ऐपतवाल्यांची मुलं केव्हाच तिथून निघाली. नगरपालिकेने हद्दीतल्या प्रत्येक सरकारी शाळेचं पाणी, वीज आणि सफाई उचलावी, मग मालकी कुणाचीही असो. लातूरच्या दादांनी सांगितलेल्या शिक्षण उपकरातला थोडा वाटा त्यासाठी शहरातच ठेवायला राज्याने परवानगी द्यावी.

अनुशेषाची, म्हणजे मागास भागांच्या राहिलेल्या विकासाची, चर्चा आपण दांडेकर समितीपासून ऐकतो, १९८४ चा अहवाल. वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेव्हापासून मराठवाड्याच्या शाळांचा प्रदेशवार हिशेब मांडणारी घटनात्मक जागाच रिकामी आहे, याकडे आपल्या आमदारांचं लक्ष वेधलं पाहिजे.

बालाघाटातून

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा खाली देते, जिथे खटकेल तिथे सांगा.

‘गावातील माती, पत्रा आणि घरकुल प्रकारच्या घरांना नियमातील किमान दर लावावा. प्रत्यक्ष राहणारं भूमिहीन, ऊसतोड, एकल महिला किंवा दिव्यांग प्रमुख असलेलं कुटुंब महिला ग्रामसभेत नाव वाचून निश्चित करावं, मालकी कुणाच्याही नावे असली तरी. अशा कुटुंबांकडून फक्त नाममात्र रक्कम घ्यावी, पावती द्यावी, आणि उरलेली रक्कम शासनाने ग्रामपंचायतीस भरून द्यावी अशी मागणी करावी. स्थलांतरित घरांची पाणीपट्टी ते गावात असतात तेवढ्याच महिन्यांची घ्यावी आणि दंडाची तारीख मेअखेर करण्याची विनंती शासनास करावी. पंचनाम्यात पडलेल्या घराची नोंद त्याच महिन्यात नमुना ८ वर घ्यावी. गावातील सर्व व्यापारी मालमत्तांचं नव्याने मोजमाप करावं. त्यातून वाढणाऱ्या उत्पन्नातून पहिल्यांदा शाळेचं वीजबिल आणि सफाई यांचा खर्च भागवावा. संयुक्त शाळा अनुदान नुसत्या पटावर न देता खोल्या, अंतर आणि स्थलांतर धरून द्यावं, असं शासनास कळवावं.’

दुष्काळाच्या सवलतींत घरपट्टीचा समावेश व्हावा हा वेगळा ठराव करतेय. तो शासनाकडे जायचा आहे, एकात दोन नकोत.

लातूरहून

व्यापारी मोजमापाच्या वाक्यात ‘ग्रामसभेने नेमलेल्या पाच जणांच्या उपस्थितीत’ असं घाला, त्यातल्या किमान दोघी महिला. नाहीतर मंगल कार्यालय पुन्हा शेतघरच राहील.

परभणीचे गुरुजी

ताई, शाळेच्या वाक्यात एक बदल. पैसे शाळेच्या खात्यावर द्यायचं लिहू नका. समग्रच्या खात्यात शिल्लक टिकत नाही, ३१ मार्चला खर्चाची मर्यादा परत जाते. वीजबिल ग्रामपंचायतीने थेट ग्राहक क्रमांकावर भरावं आणि सफाईचं मानधन गावातल्या एखाद्या गरजू बाईला दरमहा तिच्या खात्यावर द्यावं असं लिहा. जुनी थकबाकी किती आणि नवीन मीटरची अनामत किती, ते आधी विचारून ठेवा. शाळेचं बिल सार्वजनिक सेवेच्या गटात लावलंय की चुकून व्यापारी, तेही बघा.

बालाघाटातून

दोन्ही बदल केले. बिलाची जुनी प्रत मुख्याध्यापकांकडून मागवली आहे, गट कुठला लावलाय ते उद्या बघते. मोजमापाच्या वेळी हजर राहायला तीन बाया तयार आहेत, पुरुषांची दोन नावं अजून हवीत. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी, म्हणून विषयपत्रिकेसाठी अर्ज सोमवारी देतेय. ठराव झाला की क्रमांकासह इथे टाकते, ज्यांना आपल्या गावात मांडायचा त्यांनी तसाच उचलावा.